फिट आली, फिट आहे

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी कुणी 'फिट' म्हटलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते आणि मग विचारते, म्हणजे नक्की काय? परवा विश्रामबागेत भाजी घेताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं काय, फिट!" मी पटकन विचारून बसले, "कधी आली?" काकू तेव्हापासून माझ्याशी जपून बोलतात.

माझी नोकरी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत झाली. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचं आणि पंपाचे, ट्रॅक्टरचे भाग काढायचे. मी तिथली नर्स. गेटला लागूनच माझी खोली होती. एक खाट, एक कपाट, एक खिडकी आणि त्या खिडकीबाहेर सकाळी आठ वाजता कामगारांची रांग. सगळे मला सिस्टर म्हणत. माझं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं.

लोकांना वाटतं, कारखान्यातली नर्स म्हणजे बोटाला पट्टी बांधणारी बाई. पट्ट्या मी बांधल्याच. डोळ्यांत उडालेले लोखंडाचे कण काढले, भाजलेल्या हातांवर पाणी धरलं, पोट दुखण्याची सोंगं ओळखायला शिकले. पण आमचं खरं जोखमीचं काम वेगळंच असतं. आजारी पडून रजेवर गेलेला माणूस परत आला की तो कामाला योग्य आहे का, हे ठरवल्याशिवाय त्याला आत सोडायचं नाही. तो डॉक्टरचा दाखला आणतो, आपण त्याला बघायचं, दोन प्रश्न विचारायचे आणि एका पिवळ्या कार्डावर सही करायची. त्याला सगळे फिट कार्ड म्हणत. कठीण दुखणं असेल तर कारखान्याचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येत, ते बघत. बाकी सगळं माझ्या सहीवर.

माझं माहेर साताऱ्याचं. वडील सुभेदार होऊन घरी आलेले. आमच्या गल्लीत 'फिट' या शब्दाला एकच अर्थ होता आणि तो अत्यंत मानाचा होता. भरतीला गेलेला मुलगा परत आला की दारातूनच विचारायचे, "फिट का अनफिट?" फिट असला की पेढे. नर्सिंगला गेल्यावर मला त्याचा दुसरा अर्थ कळला, ज्यात माणूस डोळे फिरवून खाली पडतो आणि हातपाय झाडतो. उरलेले अर्थ कुपवाडने शिकवले. शिवणारी म्हणाली, "ब्लाउज फिट झालाय," की समजायचं, तो आता अंगात शिरत नाही. वायरमन पंखा फिट करतो. एखाद्याच्या डोक्यात एक गोष्ट फिट बसते आणि मग ती निघता निघत नाही. फिटर हा तर अख्खा माणूसच. त्यात आपल्या मराठीचं आणखी निराळंच. इंग्रजीत फिट म्हणजे घट्ट बसलेलं, आणि आपल्याकडे फिटणं म्हणजे सुटणं. नेसण फिटते, संशय फिटतो, धुकं फिटतं. एकाच उच्चारात बसणंही आलं आणि सुटणंही. सगळी मेख पुढच्या क्रियापदात असते. फिट 'आहे' म्हणजे निवांत राहा, फिट 'आली' म्हणजे धाव, हे मी प्रत्येक नव्या सुपरवायझरला शिकवत असे.

शिकवत असे म्हणते, पण मी स्वतः आधी ठेचाच खाल्ल्या. एकदा साचे भरणारा एक नवा गडी खिडकीशी येऊन म्हणाला, "सिस्टर, कंपनीचं बूट फिट हाय."

मी म्हटलं, "छान. रोज घालत जा."

त्याने घातले. तीन दिवसांनी लंगडत आला, टाच सोलून निघालेली. मी रागावले, आधी का नाही सांगितलंस. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. "तवाच सांगितलं न्हवं, बूट लय फिट हाय म्हनून? तुमीच म्हनला, घालत जा."

दुसरा एक गडी गुरुवारी फिट दाखला घेऊन हजर झाला. दाखल्यावर लिहिलेलं, सोमवारपासून फिट. मी विचारलं, "सोमवारी तू बरा असणार, हे डॉक्टरांना गुरुवारी कसं कळलं?"

"लय हुशार हाईत ते," तो म्हणाला. "आमच्या गावात त्यास्नी लय मान हाय." त्याच्या भावाचं लग्न रविवारी होतं, हे मला नंतर कॅन्टीनमध्ये कळलं.

आणि खरोखरची फिट आली की गोंधळच. कुणी चप्पल हुंगवायचा, कुणी कांदा आणायला कॅन्टीनकडे पळायचा. हातात लोखंड द्यायची पद्धत आपल्याकडे आहेच, आणि फाउंड्रीत लोखंडाला काय तोटा? एकदा मी पोहोचले तेव्हा जमिनीवर पडलेल्या माणसाच्या दोन्ही हातांत दोन लोखंडी पाने कोंबलेले आणि छातीवर एक बेअरिंग ठेवलेलं होतं. मग मी दर महिन्याला सगळ्यांना गोळा करून शिकवायला लागले. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आसपासच्या वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. ते ऐकून घेत आणि मी गेले की कांदा कॅन्टीनमध्ये कुठे ठेवतात याची चौकशी करत.

हे सगळं हसत सांगतेय, कारण पुढचं मला हसत सांगता येत नाही.

आमच्याकडे माने नावाचा फिटर होता. जतकडचा. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, त्यातून आयटीआय करून कुपवाडला आलेला पहिलाच माणूस. वय तिशीच्या आत, अंगाने काटक. शेडच्या छताखालून रुळांवर धावणारी मोठी क्रेन असते, तिची दुरुस्ती करायला कुणालातरी दोन मजले उंच शिडी चढून त्या रुळांवर जावं लागतं. ते काम माने करायचा. इतर लोक वर जायला कां-कूं करत, हा मात्र डोंगरावर चढावं तसा चढायचा. त्याची बायको मंगल. कुपवाडलाच एका खोलीत दोघं राहत होती, लहान मुलगी होती.

माने तापाने आजारी पडून आठवडाभर रजेवर होता. सोमवारी कामावर यायचा होता. त्या सोमवारी सकाळी सहा वाजता, मी यायच्या आधी, मंगल चालत कारखान्याच्या गेटवर आली. गेटवर शिंदेमामा होते. तेही आमच्या साताऱ्याकडचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले, अतिशय सचोटीचे आणि तोफांमुळे डाव्या कानाने बहिरे. मंगल घाईत होती, नवरा उठायच्या आत तिला घरी पोहोचायचं होतं. ती म्हणाली, "मामा, सिस्टरला तेवढं सांगा. फिटर मान्यांना काल फिट आली."

मामांना त्यातलं काय ऐकू आलं ते देव जाणे. त्यांच्या डाव्या बाजूला ती उभी होती आणि सैन्यातल्या माणसाला फिट म्हणजे एकच गोष्ट माहीत. त्यांनी वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'माने, फिटर. फिट.'

आठ वाजता ती वही माझ्या टेबलावर आली. रजेवरून येणारा माणूस, नावापुढे फिट. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. माने खिडकीशी आला, त्याने तापाचा दाखला आत सरकवला. मी औषधांच्या बाटल्या मोजत होते. दाखला चाळला, कार्ड ओढलं, सही केली आणि बाहेर सरकवलं. मान वर करून त्याच्याकडे बघितलं नाही. एक प्रश्न विचारला नाही. ज्या एका गोष्टीसाठी मला तिथं बसवलं होतं, ती मी केली नाही.

अकरा वाजता मंगल परत आली. घरी तिला चैन पडेना. यावेळी ती थेट माझ्या दारात उभी राहिली, पदर तोंडाशी धरून. "सिस्टर, डाक्टरांनी काय सांगितलं?"

"कशाचं?"

"त्यांचं. काल फिट आली ती. आंगणात पडलं हुतं, तोंडाला फेस. गेल्या साली जत्रंत बी आली हुती, घरच्यांनी देवऋष्याकडं नेलं. मला म्हनलं, कंपनीत बोललीस तर माझ्याशी गाठ हाय. म्हनून मी सकाळी गुपचूप सांगून गेले. मामांनी सांगितलं न्हाई व्हय?"

मी वही ओढली. ते तीन शब्द परत वाचले आणि मला ते पहिल्यांदा नीट वाचता आले.

मी धावतच शेडमध्ये गेले. भट्टीच्या आवाजात सुपरवायझरच्या कानाशी ओरडले, "माने कुठाय? त्याला फिट आहे."

"व्हय की, फिट हाय," सुपरवायझर खूश होऊन म्हणाला. "म्हनून तर आल्या आल्या वर धाडलाय." आणि त्याने बोट वर केलं.

माने क्रेनच्या रुळावर उकिडवा बसला होता. खाली ओतकामाचा चौक, त्यात लाल झालेले साचे.

मी क्रियापदावर जोर देऊन म्हणाले, "फिट आली. काल. त्याला काल फिट आली." सुपरवायझरचा चेहरा उतरला. पण माणूस मुरलेला होता. आरडाओरडा केला नाही, धावपळ केली नाही. खालच्या भट्टीचं काम हाताने खूण करून थांबवलं आणि रोजच्या आवाजात हाक दिली, "मान्या, पाना चुकीचा गेलाय गड्या. खाली ये, दुसरा देतो."

"हाच बसतोय की," वरून आवाज आला.

"ये रं, साहेब बघायलेत."

माने कुरकुरत उठला. रुळावरून शिडीपर्यंत चालत आला. मग शिडी. मी तिच्या पायथ्याशी उभी होते. तो उतरत होता आणि मी मनातल्या मनात एकच म्हणत होते, आता नको, अजून दोन मिनिटं नको. त्याचा पाय जमिनीला लागला तेव्हा मी त्याचा दंड इतका घट्ट धरला की तो दचकला. मग त्याला शेडच्या दारात उभी असलेली मंगल दिसली. तो सगळं समजला.

"गेलीस न्हवं सांगायला," एवढंच तो तिला म्हणाला. पुढे दोन महिने तो तिच्याशी बोलला नाही.

त्या दिवशी त्याला फिट आली नाही. पाचव्या दिवशी आली, घरी, अंगणात. मी ते ऐकलं आणि माझ्या खाटेवर जाऊन बसले.

त्या सोमवारी दुपारीच मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं होतं की चूक शिंदेमामांची नाही, कार्डावर सही माझी आहे आणि मी माणसाला न बघता केली. मला मेमो मिळाला. तो रास्तच होता. खरा प्रश्न मान्याच्या नोकरीचा होता. ऑफिसातल्या फॉर्मवर दोनच चौकोन होते, फिट आणि अनफिट. फिट येणारा माणूस फिट कसा असेल, असं तिथल्या कारकुनाने मला विचारलं, आणि त्याला आपण काही विनोद केला असं वाटलंही नाही. अनफिट म्हणजे घरी. परत जत, परत मेंढरं, आणि त्या मुलीची कुपवाडची शाळा बंद. माने माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "सिस्टर, मला दुसरं काय येत न्हाई. हात चांगलं हाईत माझं. डोकं बिघडलंय म्हनून हात टाकून देनार व्हय?"

मंगळवारी डॉक्टरांनी त्याला मिरजेच्या तज्ज्ञांकडे पाठवलं आणि शुक्रवारी फॉर्म भरायला आले. म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी फॉर्म हातात घेतला, चष्मा काढला आणि मॅनेजरसाहेबांना म्हणाले, "फिट हा अर्धा शब्द आहे हो. तुमच्या फिटरला विचारा. नुसतं 'फिट' कुणी म्हणतं का? हा दांडा 'या' भोकाला फिट, असं म्हणतात. हा माणूस कशासाठी फिट, ते विचारा, मी सांगतो." आणि दोन्ही चौकोन सोडून त्यांनी खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं. उंचीवर नाही, भट्टीजवळ नाही, फिरत्या यंत्रावर नाही, वाहन चालवायचं नाही. जमिनीवर बसून करायच्या जुळणीच्या कामासाठी फिट. मिरजेच्या तज्ज्ञांकडची औषधं रोज घेण्याच्या अटीवर, आणि महिन्यातून एकदा सिस्टरने बघण्याच्या अटीवर. मॅनेजरसाहेबांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि मग सही केली. त्या दोन माणसांचे माझ्यावर उपकार आहेत. माझ्या चुकीची भरपाई त्यांनी केली.

औषधं लागू पडल्यावर, तीन महिन्यांनी माने कामावर आला. बाकावर कानस घेऊन बसायचं काम त्याला सुरुवातीला अपमानाचं वाटे. पण हात खरंच चांगले होते. दोनेक वर्षांत पंपाच्या जुळणीत त्याच्यासारखा माणूस आमच्याकडे उरला नाही. महिन्याच्या तपासणीला आला की मला त्याच्या धंद्यातलं शिकवायचा. "सिस्टर, फिट तीन तऱ्हंची. ढिली, सरकती आनि दाबून बसवल्याली. कुठं कुठली पायजे, ते बोटाला कळतंय." मला ते माणसांच्या बाबतीतही खरं वाटे, पण मी तसं म्हटलं नाही. तो हसला असता.

आणखी एक अडचण होती. आमच्याकडे झाडून सगळे दुचाकीवर येत आणि मान्याला दुचाकी चालवायची बंदी. एके सकाळी गेटवर स्कूटी थांबली. पुढे मंगल, नऊवारीतली बाई, हँडल दोन्ही हातांनी करकचून धरलेलं. मागे माने, मान खाली घालून. पोरांनी शिट्ट्या मारल्या. "आरं, फिटर मागच्या सीटवर फिट बसलाय गड्या." मंगलने वळूनही बघितलं नाही. त्याला उतरवलं, गाडी वळवली आणि निघून गेली. पुढे पाऊस असो, ऊन असो, सकाळी आठला सोडायला आणि साडेचारला न्यायला ती हजर असे. काही वर्षांनी शिट्ट्या मारणारेच तिच्या गाडीला जागा करून द्यायला लागले.

मीही बदलले. त्या सोमवारनंतर मी कुणालाही "फिट आहेस का?" असं विचारलं नाही. त्याला सगळे 'हो'च म्हणतात. मी मान वर करून विचारायचे, "घरून निघाल्यापासून काय काय झालं, सांग." माणूस सांगायला लागतो. कुणाला झोप लागलेली नसते, कुणाच्या छातीत कळ येऊन गेलेली असते. त्या एका प्रश्नाने किती माणसं वेळेत दवाखान्यात पोहोचली, हे मी मोजलं नाही, पण पोहोचली. रांग हळू सरकते म्हणून सुपरवायझर ओरडत. ओरडू दिलं.

फक्त एक गोष्ट केली नाही. मान्याला ते कार्ड कसं मिळालं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. नवरा-बायकोची पक्की समजूत होती की सिस्टरने धावत येऊन जीव वाचवला आणि सिस्टरने नोकरी राखली. संक्रांतीला बाजरी यायची, हुरड्याच्या दिवसांत हुरडा यायचा, गावाकडच्या डाळिंबाची पहिली पाटी माझ्या दारात उतरायची. दरवेळी मंगल माझ्या पाया पडायची आणि मला ते सोसायचं नाही. सांगावं असं वाटे. मग वाटे, आता कशाला. असं करता करता अठरा वर्षं गेली आणि मी निवृत्त झाले.

गेल्या महिन्यात दोघं विश्रामबागेतल्या माझ्या घरी आली. मुलीला नोकरी लागली होती, पेढे घेऊन आली होती. मान्याला बारा वर्षांत फिट आलेली नव्हती, तरी मंगलच गाडी चालवत आली होती. चहा झाला. मंगल उठून माझ्या पायांकडे वाकली आणि मी पाय मागे घेतले. म्हटलं, "बस आधी. मला काहीतरी सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. वहीतले तीन शब्द, बाटल्या, न बघता केलेली सही.

मान्या शांतपणे ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर म्हणाला, "ठावं हाय की मला. मी खिडकीतच उभा हुतो न्हवं? तुमी मान वर केली न्हाई, तवा मला लय बरं वाटलं हुतं."

"बरं वाटलं?"

"व्हय. तुमी इचारलं असतं तर मी तोंडावर खोटंच बोललो असतो. झालं काय न्हाई, फिट हाय, असंच सांगितलं असतं. मग कार्ड मिळालंच असतं. तुमी उगं वीस वर्सं जिवाला लावून घेतलंसा."

मंगल कपबशा गोळा करत होती. तिचा हात थांबला. "आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "म्हंजे सिस्टरनी इचारलं असतं तरी तुमी वर चढनारच हुता?"

मान्याने मान खाली घातली. "व्हय."

तिने उरलेली बशी उचलली. मग म्हणाली, "बरं झालं मी परत आले," आणि कपबशा घेऊन आत गेली.

मला त्या सोमवारची सकाळ आठवली. ती एकदा येऊन गेली होती, सांगून झालं होतं, तिचं काम संपलं होतं. नवऱ्याची धमकी असताना ती मैलभर परत चालत आली नसती, तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं. मी आणि माने वीस वर्षं त्या दिवसाचे आभार एकमेकांना देत-घेत होतो. तिचे ते कुणी मानलेच नव्हते.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ती नळाखाली कप धूत होती. मी म्हटलं, "मंगल, त्या दिवशी तू परत आलीस." ती म्हणाली, "सिस्टर, राहू द्या." तेवढ्यात मान्या माझ्या मागे दारात येऊन उभा राहिला. आत यायला त्याला जरा वेळ लागला. मग तो तिच्या शेजारी गेला, तिच्या हातातला ओला कप काढून घेतला आणि पुसायला लागला.